शिवीची रिकामी जागा

मनोहरकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी लाखनीला रस्ता ओलांडायला उभा होतो. एकामागून एक ट्रक जात होते. फोन ठेवला आणि मनात पहिला विचार काय यावा? आता हा माणूस मला कधीच काही विचारणार नाही... सुटलो! माझीच मला लाज वाटली. याला महिना झाला, पण जीव अजून थाऱ्यावर नाही.

काका अड्याळचे विणकर. एरवी हातमागावर, आणि धानाची कापणी आटोपली की पंचक्रोशीतल्या फुटबॉल सामन्यांत रेफरी. आमच्याकडे मैदानावर शिवी म्हणजे भाजीतलं मीठ. बॉलला किंवा नशिबाला घातलेली शिवी काका कानाआड करत. माणसाला घातली की लाल कार्ड. फक्त स्वतःला कुणी शिवी दिली, तर आधी लाईन्समनला विचारायचे. रागाच्या भरात न्याय नको म्हणायचे, दुसऱ्या कानाची साक्ष हवी. खरी शिक्षा सामन्यानंतर असे. रेफरीच्या अहवालात शिवी जशीच्या तशी लिहावी लागते, आणि काका ती ज्याची त्याच्याकडूनच लिहून घेत, खाली सहीसकट.

एकोणिसाव्या वर्षी मी त्यांना आईवरून बोललो होतो. लाईन्समननं साक्ष दिली, मी बाहेर. सामना संपल्यावर काकांनी पिशवीतून कागद काढला, हातात पेन दिलं.

"तुमीच लिवा ना, काका."

"मी काहून लिवू? बोल तुये आहेत. तोंडातून निघाले तं हातातूनबी निघतीन."

चार शब्दांना अर्धा तास लागला. 'आई' लिहिलं आणि पुढं हातच चालेना. त्यानंतर मैदानावर माझ्या तोंडून शिवी गेली नाही. पुढं मीच त्यांचा लाईन्समन झालो.

...आणि तीन वर्षांपूर्वीचा तो अंतिम सामना. आसगाव विरुद्ध लाखनी. आसगाव माझं गाव आणि लाईन्समनही मीच, पण लाईन्समन कुठल्या गावचा हे आमच्या स्पर्धांत कोण बघतो! पाच मिनिटं उरलेली, आम्ही एका गोलनं पुढं. आमच्या फॉरवर्डनं माझ्यापासून हातभर अंतरावर काकांना आईवरून शिवी हासडली. काका धावत आले.

"काय म्हणला रे तो?"

"काही नाही, काका."

त्यांनी शिट्टी वाजवून खेळ पुढं नेला. आम्ही जिंकलो. संध्याकाळी चहाच्या टपरीवर फॉरवर्डनं स्वतःच शिवीचा किस्सा रंगवून सांगितला. कुणीतरी म्हणालं, "बुढ्याले आता आयकू येत नाही वाटते." सगळे हसले. मीही हसलो! पुढच्या हंगामात आयोजकांनी दुसरा रेफरी बोलावला. कारण तेच, कान. मी एका शब्दानं ते खोडू शकलो असतो. नाही खोडलं. काका बाजारात भेटले की धान कसं आहे विचारायचे, बाकी काही नाही. ते जास्त लागायचं.

तेरवीनंतर काकूंना भेटायला गेलो. मागावर अर्धं विणलेलं लुगडं तसंच होतं. मला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, म्हणालो, "काकाले शेवटी शेवटी कमी आयकू येत होतं, नाही का?"

"कोन म्हणलं?" काकू चमकल्या. "मागाच्या खडखडाटात एक धागा तुटला तं त्याहिले आयकू ये."

मग त्यांनी काकांची मैदानावरची ती कापडी पिशवी माझ्या हातात दिली. काकांनी तुझ्यासाठी ठेवायला सांगितली होती, म्हणाल्या. आत शिट्टी, दोन कार्डं, पेन आणि घडी घातलेला एक कागद. त्याच सामन्याचा अहवाल, कुणाकडेच न दिलेला. फॉरवर्डचा नंबर होता. त्याखाली काकांच्या अक्षरात, 'ऐकणारे दोघे. मी आणि माझा लाईन्समन.' शिवीची जागा कोरी.

पिशवी आता माझ्या खोलीत खुंटीला आहे. आठ दिवस तो कागद मी उघडतो आणि मिटतो. फॉरवर्डची शिवी अक्षरन् अक्षर आठवते, पण ते बोल त्याचे. काल सकाळी काकांचं पेन काढलं आणि कोऱ्या जागेत माझे बोल लिहिले. 'काही नाही, काका.' खाली सही केली. तीन शब्दांना दुपार झाली.