गुरुवारची हवा

लेथखाली लोखंडाचा बुरा साठतो तसे आमच्या पिंपरीच्या टूलरूममध्ये किस्से साठायचे. बुरा निदान भंगारवाला न्यायचा! माझ्या वाट्याचे बहुतेक किस्से दोन क्लाउन माशांचे.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आधीची दोन बाळं आम्ही गमावली होती, म्हणून या बाळंतपणात डॉक्टरांनी सुमनला, माझ्या बायकोला, पलंगावरून उठायला बंदी केली होती. तिचं मन रमावं म्हणून बोटीवर नोकरीला असलेल्या तिच्या भावाने ही नारिंगी जोडी आणून दिली.

"समुद्रातले नाहीत, काचेच्या टाकीतच जन्मलेत," मी टूलरूममध्ये सांगितलं.

चऱ्होलीचा तापकीर म्हणाला, "म्हंजी क्वार्टरमधल्या पोरांवानीच की! गाव बघितलंच न्हाई!"

* * *

पाणी मात्र समुद्राचंच हवं. अलिबागहून एसटीने दोन कॅन आणले. कंडक्टरला रॉकेलचा संशय! त्याने कॅन हुंगला.

"लोक समुद्रावर हवा खायला जातात साहेब, तुम्ही समुद्रच घरी न्यायला लागलात!"

लगेजचं तिकीट तरीही फाडलंच.

* * *

टाकीतलं पाणी आटलं की वरून साधंच पाणी घालायचं, मीठ आत राहतंच. तापकीर घरचं दूध घालायला यायचा, त्याला हे कुठलं माहीत? त्याने मूठभर जाडं मीठ टाकलं!

"कमी पडलं आसंल म्हनून, वहिनी."

सुमनने पलंगावरूनच आरडाओरडा करून त्याच्याकडून पाणी बदलून घेतलं. पुढे आठवडाभर तो आधी माशांना हात जोडायचा, मग दूध घालायचा.

* * *

गुरुवारी आमच्याकडे लाइट नसायची, म्हणून कंपनीला सुट्टीही गुरुवारीच. हवेचा पंप बंद पडला की मासे वर येऊन धापा टाकायचे आणि इकडे सुमनचा जीव कासावीस व्हायचा. कासारवाडीचे पंक्चरवाले इस्माईलभाई यांनी तोड काढली. ट्रकच्या ट्यूबमध्ये हवा ठासून भरायची आणि बारीक नळीने टाकीत सोडायची. दर गुरुवारी ते ट्यूब खांद्यावर टाकून हजर!

आभार मानले तर म्हणायचे, "हवाच तर आहे भाऊ, ती काय माझ्या बापाची?"

* * *

सुमनला कळा सुरू झाल्या त्या नेमक्या गुरुवारी. तापकीरने टेम्पो आणला, आम्ही हॉस्पिटल गाठलं. संध्याकाळी मुलगी झाली. दोघी सुखरूप! आणि तेव्हा कुठे मला मासे आठवले.

धावत घरी आलो. लाइट अजून आलीच नव्हती. इस्माईलभाई सकाळपासून तिथेच होते. दोन ट्यूबा रिकाम्या पडलेल्या, तिसरी मांडीखाली दाबून धरलेली. त्या माणसाचे उपकार मी कसे फेडणार होतो?

"मुलगी झाली!" मी ओरडलो.

इस्माईलभाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि टाकीत आडव्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीकडे दाखवलं. कुंडीला नारिंगी अंडी चिकटली होती आणि नर त्यांना पंखाने वारा घालत होता.

"मुबारक हो भाऊ! पण जरा हळू. इथंही बाळंतपण चाललंय."