बातमीमागचा हात

आमच्या गावात पेपर ऐकायला कोणी येत नसे. पेपरवर लोटननाना काय बोलतात ते ऐकायला येत. पारोळ्याहून सकाळच्या एसटीनं पेपर यायचा. वना चहावाल्याच्या टपरीवर नाना चष्मा पुसून बातमी मोठ्यानं वाचायचे, पेपर मांडीवर आपटायचे आणि विचारायचे, "हाई बातमीमांगे कोणना हात शे?" निवडणूक लागली की हे वेड फारच वाढायचं.

त्यांना डोक्यावर चढवलं ते आम्हीच. आधीच्या एका निवडणुकीत उमेदवाराच्या जीपवर ऐन प्रचारात दगड पडला. पेपरात फोटो आला, कपाळाला पट्टी बांधून हात जोडलेला. नाना म्हणाले, "काच डावीकडली फुटनी, आन पट्टी उजवीकडे कशी?" निकालानंतर दगड मारणारा गडी त्याच उमेदवाराच्या विजयी मिरवणुकीत गुलाल खेळताना सगळ्यांनी पाहिला. त्या दिवसापासून नाना कोणाचंच ऐकेनासे झाले. ते खरे ठरले याचा मलाही आनंद झाला होता, पण त्यांचा तो तोरा मला कधी आवडला नाही.

शहाण्णव साली लोकसभेचा प्रचार आणि आखाजी एकाच वेळी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खान्देशातला लेकींचा सण. झाडांना झोके बांधायचे, गौराईची गाणी म्हणायची आणि सासरी दिलेल्या पोरींनी माहेरी यायचं. पण असं उठून यायचं नाही. माहेरचं माणूस न्यायला जातं, त्याला मूळ म्हणतात. मूळ आल्याशिवाय लेक सासरचा उंबरा ओलांडत नाही. नानांची एकुलती एक लेक मंजुळा नरडाण्याकडच्या गावात दिलेली होती. तिला तिथे एक मुलगी, बेबी. नुकती चालायला लागलेली.

आणि एका सकाळी नानांनीच बातमी वाचली. मंजुळाच्याच गावात जुलाब-उलट्यांची साथ पसरली होती. ज्या नळयोजनेचा नारळ सत्ताधारी उमेदवारानं निवडणुकीच्या तोंडावर फोडला, तिच्या पाण्यात गटार मिसळल्याचा विरोधकांचा आरोप होता.

टपरीवरचे सगळे नानांकडे बघू लागले. नाना मात्र हसले. "नळ आत्तेच चालू व्हयना आन साथ बी आत्तेच ऊनी? मतदानना येळे? बठ्ठं नाटक शे."

मी म्हणालो, "नाना, निदान जाऊन तरी बघा." ते माझ्यावरच उखडले.

घरी तानुबाई, त्यांची बायको, रडकुंडीला आली होती. "तुम्ही आजच जा. पोरले घर लई या. लवकर गया तं काय बिघडस?"

"ठरेल दिवसलेच जासू. आज गया तं बठ्ठा गाव म्हनी, लोटन पेपरले भ्याना."

हे मी, त्यांचा शेजारी, ओसरीवरून स्वतः ऐकलं. माणूस वाईट नव्हता. पोरीवर जीव टाकायचा, तिच्यासाठी झोक्याचा नवा दोर त्यानं आधीच आणून ठेवला होता. पण टपरीवर बोललेला शब्द त्याला मागे घेता येईना.

तिकडे मंजुळाच्या सासूनं सुनेला सांगून पाहिलं, बेबीला घेऊन माहेरी निघून जा. मंजुळा म्हणाली, "नाना येतीन नं. मूळ न येता कशी जाऊ?" रोज ती एसटीच्या वेळेला दारात उभी राहायची.

नाना ठरल्या दिवशी, आखाजीच्या आदल्या दिवशी गेले. त्यांच्या पिशवीत बेबीसाठी झबलं होतं. बेबी त्याआधीच्या संध्याकाळीच धुळ्याच्या दवाखान्यात दगावली होती.

दुसऱ्या दिवशी विरोधी उमेदवार सांत्वनाला आला. सोबत कार्यकर्ते आणि फोटोवाला. नाना भिंतीला टेकून बसले होते. उमेदवारानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, फोटोवाल्यानं त्याला थोडं सरकायला सांगितलं आणि त्यानं पुन्हा ठेवला. नानांना कळत होतं. पण खांद्यावरचा हात झटकायचंही त्यांच्यात बळ नव्हतं, असं जावयानं मला नंतर सांगितलं.

मतदानाच्या आधी नाना मंजुळाला घेऊन निघाले. सणाला नाही, दुखवट्याला. मी पारोळ्याच्या स्टँडवर बैलगाडी घेऊन थांबलो होतो. दोघं एसटीतून उतरली. मंजुळाच्या कडेवर काही नव्हतं, तरी ती एका बाजूला कलूनच चालत होती. मला तिच्याकडे बघवेना.

स्टँडवरच्या चहावाल्याकडे कोणी अनोळखी माणूस पेपर वाचत होता, भोवती सात-आठ जण. आम्ही जवळून जाताना त्यानं उमेदवार आणि नानांच्या त्या फोटोवर बोट आपटलं. "हाऊ म्हातारा दखा. कसा बसाडेल शे. बरोबर मतदानना येळेच बरी पोर मरनी यास्नी! बठ्ठं नाटक शे."

माणसं हसली. मला संताप आला, मी पुढे झालो, पण मंजुळानं माझी बाही धरली. ती नानांकडे बघत होती. लहानपणापासून ती त्यांचा पेपर ऐकत आली होती.

"नाना," ती हळू म्हणाली, "सांगा नं त्यासले. कोणना हात शे?"

नाना चष्मा काढून पुसत राहिले. त्या माणसानं तोवर पान उलटलं होतं आणि तो क्रिकेटची बातमी वाचत होता.