गादीत खोचलेली सुई

“सुई कोणाची होती हे कळत नाही, तोवर ती पॉझिटिव्ह पेशंटचीच समजायची,” डॉक्टर सर म्हणाले आणि केसपेपरवर माझं नाव लिहू लागले. इतकी वर्षं दुसऱ्यांचे पेपर मीच त्यांच्या हातात देत आले. त्या दुपारी पेशंटच्या खुर्चीत मी बसले होते.

मी अमरावतीच्या एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. राहते परतवाड्याला, एसटीनं अपडाऊन करते. हे लिहिते आहे ते माझ्यासारख्या सिस्टर, ब्रदर आणि वॉर्ड झाडणाऱ्या मावश्यांसाठी. आपण दिवसभर लोकांना सुया टोचतो आणि आपल्याला टोचली की तोंडाला कुलूप लावतो. तसं करू नका.

झालं असं. पुरुषांच्या वॉर्डातला एक पेशंट एक्स-रेला गेला होता. तेवढ्यात चादर बदलून घेऊ म्हणून मी गादीच्या कडेखाली हात घातला आणि काहीतरी चावल्यासारखं झालं. ग्लोव्ह काढला तर बोटावर रक्ताचा थेंब. गादी उचलून पाहिली, तर शिवणीत टोपण नसलेली इंजेक्शनची सुई. चुकून पडलेली नव्हे, नीट खोचलेली. मला तिथंच संशय आला की हे कोणीतरी मुद्दाम केलंय.

याला नीडल स्टिक इंज्युरी म्हणतात, म्हणजे पेशंटला वापरलेली सुई कर्मचाऱ्याला टोचणं. बोट तोंडात घालावंसं वाटतं, घालायचं नाही. पिळून रक्तही काढायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं आणि लगेच सांगायचं. भीती तीन आजारांची असते. हिपॅटायटिस बी म्हणजे काविळीचा एक प्रकार, त्याची लस मी घेतलेली होती. हिपॅटायटिस सीला लस नाही, रक्त तपासत राहावं लागतं. आणि तिसरा एचआयव्ही. त्यासाठी पेप असतं, पोस्ट एक्स्पोजर प्रोफिलॅक्सिस, म्हणजे विषाणू अंगात मुरण्याआधी घ्यायच्या गोळ्या. जितक्या लवकर तितकं बरं, बहात्तर तासांच्या आत तर हव्याच, आणि पुढे अठ्ठावीस दिवस न चुकता. माझी पहिली गोळी त्याच संध्याकाळी सरकारी दवाखान्यात मिळाली.

आता त्या खाटेचं ऐका. तिच्यावर अचलपूरकडच्या एका खेड्यातला, पायाचं ऑपरेशन झालेला तरुण होता. त्याची रक्ततपासणी निगेटिव्ह. पण त्याच्याआधी तिथे जो होता तो रिअ‍ॅक्टिव्ह होता, म्हणजे त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला होता. त्याला नागपूरला हलवलेलं. सुई या दोघांपैकी कोणाची, एवढ्या एका गोष्टीनं माझी झोप उडाली.

आधी माझा संशय शोभामावशीवर गेला. वॉर्ड तीच झाडते, आणि सुट्टीवरून आमचं चांगलंच वाजलं होतं. मग गेला ज्युनिअर डॉक्टरवर. त्या दिवशी सकाळी त्यानंच त्या तरुणाचं रक्त काढलं होतं, आणि वापरलेली सुई कुठंही ठेवायची त्याला खोड. मी विचारलं तर मोबाइलमधून मान वर न करता तो म्हणाला, “मी नाही, सिस्टर.” बस्स, माझ्या लेखी तोच ठरला.

घरी तर विचारू नका. आमचे हे चहा घेऊन आले की मी आधी कप पाहायची. माझा कप वेगळा ठेवलाय का? नव्हता ठेवला. मग वाटायचं, मुद्दाम दाखवायला नेहमीचा आणला असेल. बिचारा माणूस काय करणार होता! रिपोर्ट येईपर्यंत नवरा-बायकोनं काळजी घ्यायची असते, हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा ते फक्त “हो” म्हणाले. त्या ‘हो’चा अर्थ मी रात्रभर लावत बसले.

गोळ्यांनी मळमळायचं. वरणाची फोडणीसुद्धा सहन होईना. आणि डोक्यात एक हिशेब पक्का होत चालला. सुई ज्युनिअरनं खोचली, म्हणजे ती त्या तरुणाची. तरुण निगेटिव्ह. मग हा जाच कशासाठी? मेट्रन मॅडमही म्हणाल्या की उगाच बाऊ करू नका. त्यांना बाहेर बोभाटा नको होता, हे न कळण्याइतकी मी बावळट नाही. पण मला सोयीचं होतं म्हणून पटलं. एका सकाळी गोळी न घेताच निघाले. डबी पर्समध्ये होती, ती परत करून टाकायचं ठरवलं होतं.

परतवाडा स्टँडवर एसटीत माझ्या शेजारी कोण येऊन बसावं? त्याच तरुणाची आई. पोराचा डबा मांडीवर धरून बसली आणि आमच्या दवाखान्याचे वाभाडे काढू लागली. पंखे चालत नाहीत, नळाला पाणी नाही.

“अन् सुया खाली पडून रायतात व बाई,” ती म्हणाली. “पोराले खाटेवर टाकलं तवाच मले एक भेटली. म्हटलं, कोनाच्या पायात जाईन. मंग गादीले टोचून देल्ली.”

मी तिच्याकडे वळले. मी विचारलं, त्याला इंजेक्शन द्यायच्या आधी की नंतर?

“आधी. तवा त्याले कोनी हातबी लावला नोता.”

म्हणजे सुई त्याच्याआधीच्या माणसाची. रिअ‍ॅक्टिव्ह पेशंटची. आणि मी गोळ्या परत करायला निघाले होते.

तिला काय बोलणार? आपल्याकडे घरात सुई सापडली तर कोणती बाई ती खाली सोडते? गोधडीच्या कडेला खोचते, पदराला खोचते, नाहीतर भिंतीवरच्या कॅलेंडरला. माझ्या आईनं हेच केलं असतं. माझ्या घरी सुई सापडली असती तर मीही हेच केलं असतं.

मी पर्समधून डबी काढली आणि तिच्याच बाटलीतल्या पाण्यानं गोळी घेतली. तिनं विचारलं, “कायची गोयी व?” क्षणभर वाटलं, ताकदीची आहे म्हणून सांगावं. पण पुन्हा कुठं सुई दिसली तर ती पुन्हा तेच करणार.

“ती सुई मले टोचली, आजी.”

तिनं मांडीवरचा डबा बाजूला ठेवला. माझा हात ओढून घेतला आणि एकेक बोट उलटून पाहू लागली. टोचल्याची खूण केव्हाच बुजली होती. तरी अमरावती येईपर्यंत तिनं हात सोडला नाही.

मी मेट्रन मॅडमना सांगितलं, तर त्यांचा चेहराच खुलला. म्हणजे नातेवाइकांची चूक, तसं लिहून द्या, म्हणाल्या. माझं डोकं सटकलं. सुई खाली टाकली कोणी, ते आधी लिहा म्हटलं. म्हातारीचं नाव मी दिलं नाही. पुढे प्रत्येक ट्रॉलीवर सुया टाकायचा जाड पांढरा डबा आला आणि भरती होणाऱ्या प्रत्येकाच्या घरच्यांना सांगायचं ठरलं, की सुई दिसली तर उचलू नका, सिस्टरला हाक मारा. डबे फक्त तपासणीवाल्यांना दाखवायला आणलेत असा मला अजून संशय आहे. म्हणून ड्युटीवर आले की आधी डबे बघते. चादरीखाली न बघता हात घालत नाही, आणि तुम्हीही घालू नका.

गोळ्या पूर्ण केल्या. शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तेव्हा लॅबवाल्याला दोनदा नाव वाचायला लावलं. ज्यांनी ज्यांनी त्या दिवसांत मला सहन केलं, त्यांचे उपकार मी मानते. ह्यांना कळवलं आणि लगेच त्या तरुणाच्या घरी फोन लावला. सुनेनं उचलला. ती म्हणाली, बरं झालं ताई, सासूबाई तेव्हापासून सुई हातात घेत नाहीत. नातवाचं बटण तुटलं तरी मलाच लावायला सांगतात.

मी म्हटलं, फोन त्यांना दे. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग फोन कानाला तसाच ठेवून तिनं सुनेला हाक मारली, “माही सुई आन व.”