चौदा जणींचा एक नंबर

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता हवालदारमामांचा फोन वाजला. पलीकडच्या माणसाने त्यांचा आर्मी नंबर सांगितला, रँक सांगितली, नाव सांगितले. मामा खुर्चीवरून उठले. त्यांनी सोळा मिनिटे उत्तरे दिली. साडेअकराच्या आत अनसूयाकाकींच्या बँकेतल्या खात्यातले पैसे गेले.

फोनवर उभे राहून बोलणे ही त्यांची जुनी सवय. मी नोकरीला आहे त्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉलेजच्या ग्रंथालयातून फोन केला तर ते बाजेवर आडवे पडूनच बोलत. पण पेन्शनच्या कार्यालयातून, बँकेतून किंवा त्यांच्या पलटणीतल्या एखाद्या निवृत्त साहेबाचा फोन आला, की पहिल्या वाक्यालाच उठत आणि संपेपर्यंत बसत नसत. मामी आतून विचारायच्या, "उभं हायसा का बसलाय?" उत्तरावरून फोन कुणाचा ते त्यांना कळायचे. मी एकदा त्यांना यावरून छेडले, तेव्हा म्हणाले, "चोवीस वर्सं पायाला जे शिकिवलं ते पायच इसरत न्हाईत रं. मी काय करू?"

ते माझ्या आईचे थोरले भाऊ. माण तालुक्यात, दहिवडीपासून तासाभराच्या वाटेवर त्यांचे गाव. त्या गावातून पिढ्यान्‌पिढ्या पुरुष मेंढरांमागे गेले, मुंबईला गेले किंवा पलटणीत गेले. पलटणीत गेलेल्यांच्या मागे राहिलेल्या चौदा विधवा गावात होत्या. त्यांना पेन्शन मिळे. पण आपण जिवंत आहोत असा दाखला दर नोव्हेंबरात सरकारला द्यावा लागे. हवालदारमामांनी निवृत्त झाल्यावर हे काम अंगावर घेतले आणि त्याची अगदी परेड केली. ठरलेल्या दिवशी चौदा जणी त्यांच्या ओसरीवर जमत. मामा इस्त्रीचा सदरा घालून यादी वाचत.

"अनसूया. हजर?"

"हजर न्हाई तर कोन बसलंय हितं? माजं भूत?"

"भुताला पेन्शन मिळत न्हाई. हजर म्हन."

"हजर, भाऊ."

मग भाड्याच्या जीपमधून सगळ्या दहिवडीला जात. तिथे यंत्रावर अंगठा ठेवायचा आणि हिरवा दिवा लागला की ती बाई आणखी एक वर्ष जिवंत ठरायची. अनसूयाकाकींचा अंगठा मात्र हमखास अडायचा. लहानपणापासून लोकर कातून आणि खुरप्याचे काम करून त्यांच्या बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झाल्या होत्या. मामा खिशात ओले फडके आणि खोबरेल तेलाची छोटी बाटली ठेवत. फडक्याने तो अंगठा पुसत, तेल लावत, पुन्हा पुसत आणि स्वतःच यंत्रावर दाबून धरत. काकींचे मालक मामांच्याच कंपनीत होते. त्यांची ट्रंक सीमेवरून गावी आणून उंबऱ्यात ठेवणारे मामाच. तेव्हापासून काकी दर भाऊबीजेला त्यांना ओवाळत आल्या.

बँकेने खात्याला मोबाइल नंबर जोडायला सांगितला, तेव्हा चौदापैकी अकरा जणींकडे फोन नव्हता. तिघींकडे होता, पण तो मुलांच्या हातात. मामांनी चौदाही अर्जांवर स्वतःचा नंबर लिहिला. यात कुणालाच काही वावगे वाटले नाही. आमच्याकडे घरातला एक शिकलेला माणूस सगळ्यांचे कागद सांभाळतो, तसे ते अख्ख्या वाडीचे सांभाळत. दर वेळी पिशवीभर कागद घेऊन यायला नको म्हणून सगळ्यांच्या पासबुकांचे, एटीएम कार्डांचे आणि आधार कार्डांचे फोटो फोनमध्ये काढून ठेवा, असे त्यांना कुणीतरी सुचवले. ते सुचवणारा मी. फोनही मीच सांगलीहून घेऊन दिला होता.

हे सगळे असूनही मामा भोळे नव्हते. फोनवर आलेला आकडा कुणाला सांगायचा नाही हे ते गावाला बजावत. त्यांना लॉटरी लागल्याचे फोन आले, वीज तोडण्याचे आले, आणि प्रत्येकाला त्यांनी पलटणीतल्या हिंदीत असे उत्तर दिले की मामी कानावर हात ठेवत. नोकरीतली त्यांची आवडती गोष्ट पहाऱ्याची होती. गेटवर असताना एक साहेब परवलीचा शब्द न सांगता आत निघाले, तर मामांनी त्यांना बंदूक रोखून पाऊण तास उभे केले होते. "वळकत हुतो मी त्यांला," मामा सांगत. "रोज सलाम ठोकत हुतो. पन शबुद न्हाई तर वळख न्हाई." दुसऱ्या दिवशी त्याच साहेबांनी त्यांची पाठ थोपटली होती.

मग त्या मंगळवारी काय झाले, हे मी त्यांना पुष्कळ दिवसांनी विचारले. ते सावकाश बोलले. आदल्या आठवड्यात काकींचा अंगठा तीनदा अडला होता, दाखला झाला नव्हता, नंतर या म्हणून सांगितले होते. मामांना त्याचा घोर लागला होता. आणि फोनवरचा आवाज म्हणाला, "हवालदार साब, आपके गाँव की एक विधवा पेन्शनर रेकॉर्ड में मृत दिख रही है. चार बजे तक सुधार नहीं हुआ तो पेन्शन बंद." त्याने काकींचे नाव बरोबर घेतले. ही नावे आणि नंबर त्याला कुठून मिळाले, ते शेवटपर्यंत कळले नाही.

"जित्या बाईला मेली लिवलीया म्हनल्यावर माजं डोस्कं थाऱ्यावर ऱ्हायलं न्हाई," मामा म्हणाले. "त्यानं लिंक धाडली, मी दाबली. कार्ड इचारलं, सांगितलं. आकडा आला, म्हनलं ह्यो पैशाचा न्हवं, दाखल्याचा आकडा हाय. त्यो बी सांगितला. वर 'जय हिंद' म्हनून ठेवला फोन." मग म्हणाले, "गेटावर सायबाला थांबिवला. आन्‌ हितं नुसत्या आवाजाला सलाम ठोकला."

पैसे गेल्याचा संदेश त्यांच्याच फोनवर आला. तो वाचून ते तडक बाहेर पडले. मोटारसायकल काढून थेट दहिवडीला बँकेत गेले आणि काउंटरपाशी उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझ्याकडून चूक झाली आहे. चौदा खात्यांना माझा नंबर आहे. सगळी थांबवा." मॅनेजरबाईंनी तिथूनच सायबर हेल्पलाइनला तक्रार लावून दिली. त्या मला नंतर म्हणाल्या, "लोक लाजेपायी आठ-आठ दिवस सांगत नाहीत. हे तासाभरात आले. बाकीच्या तेरा जणींचं वाचलं ते त्यामुळं." हे मी मामांना सांगितले तेव्हा त्यांनी मान हलवली. त्यांच्या मनात तेरा नव्हत्याच.

बँकेतून ते काकींच्या घरी गेले. काकी अंगणात मेथी निवडत होत्या. त्या पैशांवर मिरजेला दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन करायचे ठरले होते. डॉक्टरांनी पौषातली तारीख दिली होती. मामांनी उभ्यानेच सगळे सांगितले. काकींनी ऐकून घेतले, मेथीची पाटी बाजूला सारली आणि म्हणाल्या, "बसा तरी. तुमी फसिवलं न्हाई मला, भाऊ. तुमाला कुनीतरी फसिवलं." मग स्वतःच्याच गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाल्या, "चला, ह्यांला आनी थोडं दिस चालवायचं." त्या हसल्या. मामा मला म्हणाले होते, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी मी रजा काढून विटा-मायणीच्या गाडीने गेलो. त्या लिंकमधून फोनमधले फोटोही चोरांच्या हाती लागले असणार, त्या कागदांवर कुणीही कुणाच्या नावाने कर्ज काढू शकतो, हे मला मामांना सांगावे लागले. ते उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "चल. परत्येकीला सांगायला पायजे." आम्ही उरलेल्या तेरा घरी गेलो. प्रत्येक उंबऱ्यात ते तेच बोलले: "तुमच्या कागदांचं फोटू मी काढलं हुतं. ते चोराकडं गेलं. चूक माजी हाय." दुसऱ्या घरी मी मध्ये तोंड घातले, की ती कल्पना माझी होती. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "तू गप ऱ्हा. फोन कुनाच्या खिशात हुता?" त्यानंतर मी गप्पच राहिलो. त्या एका घराखेरीज आजवर गावात हे कुणाला माहीत नाही.

पोलिसांनी तक्रार नीट लिहून घेतली, पण पैसे परत आले नाहीत. मामांनी स्वतःची ठेव मोडून काकींकडे रक्कम नेली. काकींनी ती हातात घेतली नाही. "भावाकडनं मी ओवाळनी घेते, दंड न्हाई घेत," त्या म्हणाल्या. मामा तीनदा गेले आणि तीनदा परत आले. ऑपरेशनची तारीख आली आणि गेली.

तो हिवाळा त्यांनी एकाच कामात घालवला. प्रत्येकीला बटणांचा साधा फोन, प्रत्येकीचा स्वतःचा नंबर, आणि बँकेत जाऊन त्यांचा नंबर काढून तो जोडायचा. आधारवरचे अंगठ्याचे ठसे कुलूपबंद करून घ्यायचे, दाखल्यापुरते उघडायचे. कागद ज्याचे त्याच्या पेटीत. नवखी लिंक दाबायचीच नाही. आणि आठवड्यातून दोनदा दुपारी ओसरीवर तालीम. मामा बायकांकडे पाठ करून बसत आणि फोनवरचा माणूस होत.

"माताजी, मैं बँक से बोल रहा हूँ. आपका खाता बंद होनेवाला है."

"हुऊ दे बंद," चौदा जणींतल्या पारूबाई म्हणायच्या.

"असं न्हाई. नीट बोला."

"नीट काय? चोराला च्या पाजू?"

"फोन ठिवायचा. मग पासबुक घिऊन आपन सोता बँकंत जायाचं आन्‌ इचारायचं. पलीकडचा घाई करतोय म्हंजे समजायचं खोटं हाय. खरं काम उद्या बी हुतंय."

बायका हसून लोळत. मामा हसत नसत. ज्या आवाजाला आपण फसलो तोच आवाज ते आठवड्यातून दोनदा स्वतःच्या तोंडाने काढत होते. मी एकदा बसलो होतो तिथे. पुन्हा बसलो नाही.

चैत्रात काकींना खरोखर फोन आला. त्यांच्या नावावर कुठल्याशा मोबाइल ॲपवरून कर्ज उचलले गेले होते आणि वसुलीचा माणूस धमकावत होता. काकींनी त्याला विचारले, "तुजं नाव काय? हापिस कुटं? लिवून धाड कागदावर. मी बँकंत इचारते, मग बोलू." आणि फोन ठेवला. तसेच लंगडत त्या मामांकडे आल्या. "भाऊ, आला वं तुमचा चोर. पास झाली मी." मामांना आधी हसू आले. मग ते कर्ज त्या फोटोंवरूनच निघाले असणार हे लक्षात आले आणि ते खुर्चीत मागे टेकले. ते रद्द करून घ्यायला ते काकींबरोबर साताऱ्याला चार खेपा गेले. बसस्टँडच्या पायऱ्या काकींना चढवत नसत. मामा एक पायरी मागे राहून त्यांच्या कोपराला आधार देत. कर्ज काकींच्या नावावरून उतरले, पण त्या पायऱ्या मामांनी चार वेळा पाहिल्या.

पुढच्या नोव्हेंबरात मी मुद्दाम दोन दिवस गेलो होतो. मामा सकाळी सातला इस्त्रीचा सदरा घालून ओसरीवर बसले होते. यादी नव्हती, पिशवी नव्हती. आठच्या सुमारास बायका रस्त्याने जीपकडे निघाल्या, प्रत्येकीच्या हातात स्वतःची पिशवी. पारूबाईंनी लांबूनच हात केला. अनसूयाकाकी काठी टेकत आत आल्या.

"चला की, भाऊ. जीपमदी जागा हाय."

"न्हाई. तुमी जावा."

"माज्या अंगठ्याला तेल कोन लावनार?"

मामांनी खिशातून बाटली आणि फडके काढून त्यांच्या हातात ठेवले. "तूच लाव. मी आलो तर तुमी पुन्ना कागद माज्याच हातात द्याल."

काकींनी बाटली आणि फडके पिशवीत टाकले आणि काठी टेकत गेल्या. जीप वळणाआड होईपर्यंत मामा पाहत होते. दुपारी दोनला त्या सगळ्या परत आल्या. चौदाही जणींचे दाखले झाले होते, काकींचाही, तिसऱ्या खेपेला. हे कळल्यावर मामांनी सदरा काढून खुंटीला लावला आणि जेवायला बसले. मामींनी वाढले तेवढेही त्यांना संपले नाही.

माघात एका सकाळी अंघोळीचे पाणी काढता काढता ते खाली बसले आणि उठले नाहीत. त्यांनी उतरत्या वयात कुणाला फसवले नाही, कुणापासून काही लपवले नाही, आणि तरी ते स्वतःला गुन्हेगार समजूनच गेले. मी त्यांना एकदा तरी हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवे होते. मला वाटत राहिले की अजून वेळ आहे.

दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या नावाची कामे मी केली. मेलेल्या माणसाच्या कागदांवरही चोर डोळा ठेवून असतात, हे त्यांच्यामुळेच मला ठाऊक होते. बँकेला कळवले, पेन्शन कार्यालयाला मृत्यूचा दाखला दिला, त्यांचा फोन पुसून कोरा केला, नंबर बंद करून घेतला. त्यांनी मोडलेल्या ठेवीची रक्कम मामींनी काकींच्या दारात नेली आणि सांगितले, "दंड म्हनून न्हाई, भावजयीकडनं घ्या." काकींनी तेव्हा ती घेतली. त्यांचे ऑपरेशन झाले. त्या काठीशिवाय चालतात.

आता मामींनाही पेन्शन मिळते. या नोव्हेंबरात त्या बायकांबरोबर जीपने दहिवडीला गेल्या. त्यांच्या खात्याला त्यांचाच नंबर आहे आणि कागद त्यांच्याच पिशवीत असतात. मी सोबत गेलो आणि बाहेरच्या बाकावर बसलो.