कड मारलेला तुकडा

नायोबियमसाठी मी भांडले, हे आधीच सांगते. अंतराळातून परतणारं यान हवेत शिरतं तेव्हा त्याचा पुढचा भाग तापून पांढराफटक होतो. तिथे कोणता धातू टिकेल हे ठरवणं आमच्या गटाचं काम. बाकीच्यांना निकेलचा मिश्रधातू हवा होता. भरवशाचा खरा, पण एवढ्या उष्णतेत मऊ पडणारा. नायोबियम मऊ पडत नाही. मात्र तापलेला असताना हवा लागली की त्याचा भुगा होतो, म्हणून वर लेप चढवावा लागतो.

लेप दिलेले आमचे दोन तुकडे ज्वालेखाली फुटले. साहेब म्हणाले, आणखी एकच चाचणी, नाहीतर निकेल. माझी चार वर्षं एका तुकड्यावर येऊन ठेपली.

त्या रविवारी घोडपदेवला माहेरी गेले ती घुश्श्यातच. बाबा गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण कानस अजून तेल लावून कपाटात ठेवलेली. लहानपणी सुटीच्या दिवशी ते मला लोखंडी पट्ट्यांच्या धारा घासायला बसवत, आणि बोटं सोलली की मी भोकाड पसरायचे. पर्समधला फुटका तुकडा मी त्यांच्यापुढे टाकला. त्यांनी चष्मासुद्धा शोधला नाही. अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ह्येची कड कोणी मारूक नाय गो?"

कड मारणं म्हणजे कानशीने धार घालवून ती गोलसर करणं. मी हसणार होते. मग नीट पाहिलं. तडा कडेपासूनच निघाला होता, दुसऱ्या तुकड्याचाही तिथूनच. धारेवर लेप पातळ बसतो हे मी नवख्यांना शिकवते! पण आमचं यंत्र काटकोन इतके सुरेख कापायचं की त्या कौतुकात कोणाला सुचलंच नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या तुकड्याच्या कडा मी स्वतः मारल्या, बाबांच्या कानशीने, आणि मग लेप चढवला. ज्वालेखाली तो पांढरा झाला, ठरलेला वेळ तसाच तग धरून राहिला आणि निवल्यावर अख्खा बाहेर आला. साहेबांनी नायोबियमवर सही केली. मी वय विसरून प्रयोगशाळेतच नाचले.

नव्या आराखड्यावर एक ओळ वाढली: सर्व कडा गोल कराव्यात. "ही ओळ तुमची," असं म्हणत मी ती बाबांना दाखवली. त्यांनी वाचली, मग माझा हात ओढून बोटं तपासली. सोललेल्या जागी नवी कातडी धरत होती.

"रडलंस नाय मां?"

मी नाही म्हणाले, आणि तिथेच रडले.