कालचं तेल

माझं पोट गरीब स्वभावाचं आहे. ताटात येईल ते खातं आणि कुणाची तक्रार करत नाही. बायकोची गोष्ट वेगळी. हॉटेलात आम्ही पोचायच्या आधी तिचं नाक पोचलेलं असतं आणि बहुतेक वेळा त्याला तिथलं काहीतरी खटकलेलं असतं.

आम्ही धुळ्याला देवपुरात राहतो. मी शाळेत भूगोल शिकवतो. मुलगी लग्न होऊन गेली, घरात आम्ही दोघंच उरलो, तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी बाहेर जेवायचं असा शिरस्ता पडला आहे. बाहेर म्हणजे गार हवेच्या आणि मंद दिव्यांच्या हॉटेलात नव्हे. घरापासून पायी जाता येईल अशी एक खानावळ आहे. सनमायकाची टेबलं, स्टीलचे जग, भिंतीवर किराणा दुकानानं दिलेलं कॅलेंडर. तिथली शेवभाजी चांगली असते. काळ्या मसाल्याचा रस्सा एका वाडग्यात येतो आणि जाड तिखट शेव दुसऱ्या वाटीत. शेव ऐन वेळी आपण टाकायची. आधीच टाकून आणली तर तिचा लगदा होतो, आणि असा लगदा एकदा आमच्या टेबलावर आला होता. पुन्हा आला नाही.

कारण बायकोनं मालकांना बोलावून घेतलं होतं. ती आवाज चढवत नाही, हेच जास्त वाईट. शांतपणे म्हणते, भाऊ, आज लसूण जळलाय. भाऊ, खोबरं खवट होतं. भाऊ, भजी तळलेल्या तेलाची फोडणी दिलीत ना? मालक आमच्याच वयाचे, तिला वहिनी म्हणतात. ते दर वेळी कानाला हात लावून सांगतात, "नही वहिनी, आजनंच तेल शे. देवनी आण." मग बायको उठते, मीही उठतो, आणि घरी येऊन खिचडी होते. पुढच्या शनिवारी तेल ताजं असतं. पण चुकलं असं मालकांनी आजवर एकदाही कबूल केलेलं नव्हतं.

हा संवाद चालू असताना मी कॅलेंडर बघत असे. बघून बघून त्या वर्षाच्या सगळ्या एकादश्या मला पाठ झाल्या होत्या. शेजारच्या टेबलावर एखाद्या विद्यार्थ्याचे वडील बसलेले असत, ते माझ्याकडे बघून हसत, आणि मला वाटे, हिच्या नाकाला एखाद्या दिवशी तरी सुट्टी मिळावी. चारचौघांसारखं भरपेट जेवावं, बडीशेप खावी आणि घरी जावं. माणसानं मागताना जरा विचार करून मागावं म्हणतात ते खोटं नाही.

त्या नाकाचा दरारा नुसता हॉटेलात नव्हता. उन्हाळ्यात मिरच्या आल्या की आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांचा काळा मसाला बायको करून देते. धणे, दगडफूल, लवंगा, सुकं खोबरं, सगळं तीच भाजते. घड्याळ बघत नाही, रंग बघत नाही, कढईवर वाकून एक श्वास घेते आणि म्हणते, झालं. एका श्वासाचा उशीर झाला की मसाला कडू. त्या दिवसांत गल्लीत तिला जो मान असतो तो मला शिक्षकदिनालाही मिळत नाही.

यंदा दिवाळीच्या आधी आम्हा दोघांनाही ताप आला. चार दिवस अंथरुणात काढले, काढा प्यायलो, उठलो. सगळीकडेच साथ होती, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही. दिवाळी झाली आणि आम्ही पुन्हा खानावळीत जायला लागलो.

पहिल्याच शनिवारी बायकोनं शेवभाजी खाल्ली, हात धुतले, बडीशेप घेतली. मालक गल्ल्यावरून तिच्याकडे बघत होते. तिनं त्यांना बोलावलं नाही. मी विचारलं, कशी होती? ती म्हणाली, बरी होती. पुढच्या शनिवारीही बरी होती. त्याच्या पुढच्याही. मला तर देव पावला. माणूस वयानं निवतो असं मी ऐकून होतो, ते आता माझ्या घरात घडत होतं. घरी स्वयंपाक करताना ती मला हाक मारून म्हणू लागली, अहो, मीठ बघता का जरा? इतक्या वर्षांत हा अधिकार मला कधी मिळाला नव्हता. मला वाटलं, बढती झाली. मी चमचा घेऊन ऐटीत आमटी चाखायचो आणि मत द्यायचो.

थंडी पडली की आम्ही एकदा जळगावला जातो. बायकोचं माहेर तिकडचं. आईवडील आता नाहीत, गावातलं घरही बंद आहे, पण भरीत-पुरी खाल्ल्याशिवाय तिचं माहेरपण पुरं होत नाही. हिरव्या-पांढऱ्या मोठ्या वांग्यांचं भरीत. वांगी भाजायची ती कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर, आणि ठेचायची ती लाकडी बडगीत, हिरवी मिरची आणि लसणाबरोबर. काड्यांच्या धुराचा वास त्या भरताला असतो आणि त्या वासावर तिकडची माणसं जीव टाकतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला बायको भरीत म्हणतच नाही. उकडलेलं वांगं म्हणते.

गावाबाहेरच्या रस्त्यावर आमचं ठरलेलं ठिकाण आहे. दरवर्षी त्याच्या मागच्या अंगणात काड्यांचे भारे रचलेले असतात आणि बसमधून उतरल्या उतरल्या डोळे चुरचुरतात. यंदा चुरचुरले नाहीत. मी पाणी प्यायला मागच्या बाजूला गेलो तर तिथे गॅसच्या शेगड्या ओळीनं मांडलेल्या, त्यावर वांगी. गर्दी फार होते, काड्या परवडत नाहीत, असं एक जण म्हणाला. मी टेबलावर परत आलो आणि तिला काही सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. आता पहिला घास, मग मालकाला बोलावणं. मी सवयीनं भिंतीवर कॅलेंडर शोधलं.

बायकोनं पुरीत भरीत घेतलं, खाल्लं, डोळे मिटले. मग म्हणाली, "काड्यांवरचं ते काड्यांवरचं. त्याची सर कशाला नाही."

माझा हात ताटातच राहिला. मला, म्हणजे मलासुद्धा, कळत होतं की या भरताला धुराचा वास नाही. आणि जळगावकडची बाई ते खाऊन असं म्हणत होती. मला एकदम सगळं आठवलं. बरी होती, बरी होती, मीठ बघता का जरा. माझी बढती झाली नव्हती. मी फार घाबरलो. समोर बसलेल्या माणसाचं काहीतरी हरवलंय आणि आपण आठवडेच्या आठवडे खुशीत बडीशेप खात होतो, याची भीती.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं. ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, तापापासून. कशालाच वास नाही, चवही नुसती तिखट आणि खारट एवढीच. मला का नाही सांगितलंस, असं विचारल्यावर म्हणाली की येईल, येईल म्हणून वाट बघत होते. जळगावात तरी येईल असं वाटलं होतं. आला का, असं मी विचारलं नाही. मग तीच म्हणाली, "उन्हाळ्यात मसाला कसा भाजू हो मी?"

धुळ्यातल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं. असं बऱ्याच जणांचं झालंय, पुष्कळांचा वास परत येतो, काहींना वेळ लागतो, आणि काहींचा येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. रोज लवंग, लिंबू, हिंग असं काहीबाही नाकाशी धरून हुंगायला लावलं. आणखी एक सांगितलं की मधूनच खोटे वास येतील. काही नसताना करपल्याचा, कुजल्याचा. तो भास असतो, त्याला वास आला असं समजू नका.

झालंही तसंच. एकदा ती झोपेतून उठून गॅस सुटलाय म्हणाली. सुटला नव्हता. एकदा दूध करपलंय म्हणाली, तेव्हा दूध फ्रिजमध्ये होतं. दर वेळी चेहरा उजळायचा आणि दर वेळी पडायचा. मग तिनं सांगणंच सोडलं. रोज सकाळी देवपूजेला बसावं तशी हिंगाची डबी घेऊन बसायची आणि मी पेपरच्या आडून बघायचो.

शनिवार मात्र आम्ही मोडला नाही. आता ती मला विचारायची, तेल कसं आहे, लसूण कसा आहे. मी कधी न वापरलेलं नाक वापरून काहीतरी सांगायचो. तिला बरं वाटावं म्हणून एकदा मीच मालकांना बोलावलं आणि खोबरं जरा खवट लागतंय असं ठोकून दिलं. ते चकित होऊन म्हणाले, "भाऊ, आते तुम्ही बी?" बायको बऱ्याच दिवसांनी हसली. भाजीत त्या दिवशी खोबरं घातलेलंच नव्हतं, हे आम्हाला मागाहून कळलं.

ऊन तापायला लागलं. बाजारात मिरच्यांचे ढीग लागले. गल्लीतल्या बायका विचारू लागल्या, ताई, धणे कधी आणून देऊ? बायको आज-उद्या करत होती. एका शनिवारी खानावळीकडे चालता चालता म्हणाली, यंदा जमणार नाही म्हणून उद्या सगळ्यांना सांगून टाकते. गुडघे दुखतात म्हणते. मी म्हटलं, थांब अजून. ती म्हणाली, किती थांबू? दुसऱ्यांच्या वर्षाच्या मसाल्याचा प्रश्न आहे.

रस्सा आला, शेव आली. बायकोनं भाकरी मोडली, वाडग्याकडे हात नेला आणि तो तिथेच थांबला. वाकली. पुन्हा वाकली. मग माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाली, "अहो, हे तेल कालचं आहे का? तळणीचं? की मला भास होतोय?"

मी वाडगं नाकाशी नेलं. मसाला, कांदा, मिरची. तेल कालचं की आजचं, ते माझ्या नाकाला या जन्मी कळणार नव्हतं. हो म्हणालो असतो तर तिनं ओळखलं असतं, खोबऱ्याची गोष्ट ताजी होती. ती म्हणाली, जाऊ द्या, भासच असेल, आणि घास घ्यायला लागली. मी उठून गल्ल्यापाशी गेलो.

मालकांना विचारलं, आजच्या फोडणीचं तेल कालचं आहे का? त्यांचे हात लगेच कानाकडे गेले. नही भाऊ, आजनंच शे. मी त्यांचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्या खानावळीत माझा आवाज चढला होता आणि लोक बघत होते, पण कॅलेंडर बघायला मला वेळ नव्हता. ताप, जळगावचं भरीत, डॉक्टर, मसाला, सगळं जमेल तसं सांगितलं. म्हटलं, भाऊ, आजचं असेल तर आजचं म्हणा. पण कालचं असेल तर तुमच्या पाया पडतो, खरं सांगा.

त्यांनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं, एकदा आमच्या टेबलाकडे. मग गल्ला उघडा टाकून ते टेबलापाशी आले आणि हात जोडून उभे राहिले.

"वहिनी, तेल कालनंच शे. भज्यासनं. रातले उरनं व्हतं."

बायकोनं पदर डोळ्यांना लावला. मालक बिचारे हबकले. तेलावरून वहिनी रडतील असं त्यांना वाटलं नव्हतं. बठ्ठी भाजी नवी करी देस, आत्ता करी देस, म्हणत त्यांनी वाडगं उचलायला हात पुढे केला. बायकोनं ते घट्ट धरलं आणि मानेनंच नाही म्हटलं. मीही रुमालानं डोळे पुसले. मी ते तिखटावर ढकललं.

मग तिनं शेव टाकली, भाकरी बुडवली आणि खायला लागली. एक घास खायची, थांबायची, नाकानं श्वास घ्यायची.

"फार वाईट आहे हो," ती म्हणाली, आणि आणखी एक भाकरी मागितली.