रपटा खुला आहे

त्या पावसाळ्यात माझी पोस्टिंग नागपूरजवळ होती. मी लष्कराच्या इंजिनिअर्स दलात नायब सुभेदार. आमच्या कंपनीकडे पूरबचावाची ड्यूटी होती. रोज सकाळी पीटी, मग बोटी फुगवून बघायच्या, मोटर चालवून बघायची, दोर तपासायचे. लान्स नायक प्रमोद ढोबळे दोर हातात घेऊन इंच न् इंच चाचपायचा. तो सावनेरकडचा. पोरं चिडवायची, तेव्हा म्हणायचा, "हसा लेकहो. लटकाल तेव्हा मलेच आठवाल."

उमरेडच्या पलीकडल्या एका गावात पाणी शिरल्याचा मेसेज दुपारी आला. माणसं शाळेच्या छतावर होती आणि शाळेची एक भिंत खचली होती. गावाला दोन रस्ते होते. एक नाल्यावरच्या रपट्यावरून, म्हणजे बुटक्या सिमेंटच्या फरशी-पुलावरून, जवळचा. दुसरा हायवेच्या पुलावरून, मोठ्या वळशाचा.

रपट्याशी पोचलो तर गुडघाभर गढूळ पाणी वरून वाहत होतं. आमच्या कॅप्टन मेनननी गाड्या थांबवल्या आणि कंट्रोल रूमशी बोलायला वायरलेस सेट हातात घेतला.

"कंट्रोल, रपट्याची पोझिशन सांगा. ओव्हर."

"रपटा खुला आहे. पाणी ओसरतंय. ओव्हर."

"खात्री आहे? ओव्हर."

"तीन ठिकाणांहून कन्फर्म. ओव्हर."

छतावर बायका-मुलं होती. वळसा घेतला तर अंधार पडला असता. कॅप्टन साहेबांनी एकदा पाण्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आधी एक माणूस दोरावर जाईल. मग गाडी."

"मी जातो साहेब," प्रमोद म्हणाला. "मले पाण्याची सवय हाय."

कमरेला दोर, अंगात लाइफ जॅकेट, हातात बांबू. बांबू टेकवायचा, मग पाऊल. दोराला आम्ही चौघे होतो. प्रत्येक वेळी बांबू सिमेंटवर लागत होता. त्याने वळून हात वर केला, ठीक आहे म्हणून. पुढच्या पावलाला त्याच्या पायाखालचा स्लॅब बसला.

आम्ही ओढलं. दोर तुटला नाही. प्रमोद मोडक्या स्लॅबच्या सळ्यांत अडकला होता. दोघे पाण्यात उतरले. त्याला बाहेर काढलं तेव्हा श्वास नव्हता. नर्सिंग असिस्टंट बराच वेळ छाती दाबत राहिला. शेवटी कॅप्टन साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मग आम्ही वळशाने गेलो. छतावरची सगळी माणसं उतरवली.

चौकशीत उलगडा झाला. सकाळी एक एसटी ड्रायव्हर रपट्यावरून बस घेऊन आला होता. त्याने जे सांगितलं ते खरंच होतं. त्याचं बोलणं एकाने ऐकलं, त्याच्याकडून दुसऱ्याने, दुसऱ्याकडून तिसऱ्याने. तिघांनी कंट्रोलला कळवलं. कंट्रोलच्या लेखी तीन खबरी होत्या, बघणारा माणूस एकच होता, तोही सकाळचा. नंतर नाल्याच्या वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला आणि पाण्याने स्लॅबखालची माती नेली. ते बघायला कोणी गेलंच नव्हतं.

आता निवृत्तीनंतर मी नागपुरातल्या एका कंपनीत सेफ्टीचं काम बघतो. मीटिंगमध्ये कोणी म्हणालं, "सगळीकडून हेच कळतंय," की मी विचारतो, प्रत्यक्ष कोणी पाहिलं? कधी पाहिलं? काय बघायचं राहिलं? काहींना त्याचा कंटाळा येतो. येऊ दे.

प्रमोदच्या घरी मी गेलो तेव्हा तेरावा होऊन गेला होता. आई ओट्यावर बसली होती.

"कोणी म्हणते पाय घसरला. कोणी म्हणते हुकूम नसताना गेला," ती म्हणाली. "तुम्ही तं तेथीच होते ना गा भाऊ? काय झालं ते सांगा मले."

मी जे डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगितलं. पाय घसरला नाही. हुकूम होता. दोर पक्का होता. शेवटी त्याने आमच्याकडे बघून हात वर केला होता.

"कोणता हात?" तिने विचारलं.

"उजवा."

तिने मान हलवली. मग बराच वेळ ती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसली.